बोजाऱ्याचे पाच रुपये

तान्ह्या पोळ्याला आमच्या गल्लीत सकाळपासून पोरांची धांदल असते. आदल्या दिवशी शेतकऱ्याच्या बैलांचा पोळा होतो आणि दुसऱ्या दिवशी पोरांच्या लाकडी नंद्यांचा. घुंगरं बांधलेले, बेगड चिकटवलेले, चाकांवर ओढायचे नंदी घेऊन पोरं दारोदार येतात. आपण नंदीला कुंकू लावायचं, ओवाळायचं आणि पोराच्या हातावर बोजारा ठेवायचा. पुण्याला दिलेल्या माझ्या नणंदेच्या मुलांना हा शब्द समजावून सांगावा लागला होता. पण आपल्या वर्धा-नागपुरात शेंबडं पोरही बोजाऱ्यावर हक्क सांगतं. शेजारणीने दहा दिले आणि तुम्ही पाच, तर "काकू, तुमचा बोजारा कमी हाय" असं तोंडावर सांगायला ते कचरत नाही.

तीन-चार वर्षांपूर्वीची गोष्ट. दारात सात-आठ पोरांचा घोळका आला. त्यात नऊ वर्षांचा एक मुलगा थोरल्या भावाच्या सायकलीच्या कॅरियरवर बसून आला होता. जन्माच्या वेळी मेंदूला इजा झालेली, त्यामुळे पाय ताठ आणि बोलणं जड. डॉक्टर त्याला सेरेब्रल पाल्सी म्हणतात, गावात सरळ पांगळा म्हणतात. मांडीवर त्याने आपला नंदी घट्ट धरला होता. मी सगळ्यांना पाच-पाच रुपयांचं नाणं दिलं आणि त्याच्या हातात दहाची नोट ठेवली. मनातून जरा बरंही वाटलं, खोटं कशाला सांगू. त्याने नोटेकडे पाहिलं, मग बाकीच्यांच्या हातांकडे पाहिलं आणि अडखळत विचारलं, "सगळ्याइले पाच देले, मंग मले दहा काऊन?"

मला उत्तर देता आलं नाही. त्याचा भाऊच म्हणाला, "ठेव बे, काकू खुशीनं देऊन राह्यल्या." घोळका पुढच्या दारी गेला. मी मात्र कुंकवाचं ताट घेऊन उंबऱ्यातच उभी. बाकीच्या पोरांना मी बोजारा दिला होता. त्याला मी काय दिलं होतं?

मैत्रिणींनो, घर सांभाळून बचत गटाचं काम करता करता मी अशा मुलांसाठी निधी गोळा करायला लागले, त्याला आता पंधरा-सोळा वर्षं होतील. पावतीपुस्तक घेऊन दुकानं चढले, लग्नाच्या मांडवात पेटी ठेवली, कोणाच्या वडिलांच्या श्राद्धाला, कोणाच्या मुलीच्या वाढदिवसाला शब्द टाकला. एवढ्या वर्षांत पैसा कसा मिळतो हे मला चांगलं कळलं होतं. मुलाचं दुःख जेवढं रंगवून सांगावं तेवढी पावती मोठी फाटते. हे आम्हा सगळ्याच कार्यकर्त्यांना माहीत असतं, फक्त आम्ही ते एकमेकींना बोलून दाखवत नाही. त्या दहाच्या नोटेपासून मात्र ते मला टोचायला लागलं.

साहित्य वाटपाचे कार्यक्रम तुम्ही पाहिलेच असतील. मांडव, मागे भलामोठा फलक, त्यावर देणाऱ्यांचे हसरे फोटो. सकाळी दहाला मुलांना आणून पहिल्या रांगेत बसवतात, पाहुणे येतात एक वाजता. तोवर मुलांना लघवीला न्यायची सोय नसते, म्हणून आया त्यांना पाणीच पाजत नाहीत. हे मला एका आईने सांगितलं तेव्हा मला माझीच लाज वाटली, कारण अशा दोन कार्यक्रमांची आमंत्रणं मीच वाटली होती. मग नाव पुकारायचं, मुलाला उचलून व्यासपीठावर आणायचं, खुर्चीत बसवायचं, आठ-दहा हात त्या खुर्चीला लागायचे आणि फोटो. तालुक्याच्या गावी अशाच एका कार्यक्रमानंतर मांडव रिकामा झाला तरी एक बाई नवी चाकाची खुर्ची धरून उभी होती. मला म्हणाली, "बाई, खुर्ची तं भेटली, पण आता घरी न्याव कशी?" एसटीत ती मावत नव्हती, ऑटोवाला वेगळे पैसे मागत होता. शेवटी कापूस घेऊन आलेल्या एका रिकाम्या मेटाडोरमध्ये आम्ही मायलेकराला आणि खुर्चीला बसवून दिलं.

पुढे पावसाळ्यात मी त्यांच्या घरी गेले. आपली काळी माती तुम्हाला सांगायला नको. पायातली चप्पल जिथे निघून येते, तिथे त्या खुर्चीची पुढची बारीक चाकं काय चालणार? खुर्ची भिंतीशी उभी होती आणि तिच्यावर तुरीचं पोतं होतं. शिवाय मुलगा तिच्यात एका बाजूला कलंडायचा. अशा मुलाला त्याच्या पाठीच्या, कमरेच्या मापाची, आधार दिलेली खुर्ची लागते. साधा पायजमा शिवायला टाकला तरी शिंपी माप घेतो. देणाऱ्याची नियत वाईट होती असं मी अजिबात म्हणणार नाही. पण त्याने काय दिलं तर उपयोगी पडेल, हे त्या आईला आधी कोणी विचारलंच नव्हतं.

विचारलं असतं तर तिने काय मागितलं असतं? मी नंतर विचारलं. ती म्हणाली, "येण्याजाण्याचं भाडं."

बघा हिशेब करून. आमच्यासारख्या सेलू तालुक्यातल्या आतल्या गावातून मुलाला व्यायामोपचारासाठी सेवाग्रामला किंवा सावंगीला न्यायचं. दोन्हीकडे मोठी रुग्णालयं आहेत, या बाबतीत आपला जिल्हा नशीबवानच म्हणायचा. एसटीत दिव्यांगाला ७५ टक्के सवलत आहे, आणि २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे. म्हणजे एसटीचा प्रश्न सुटला असं वाटतं. पण एसटी फाट्यावरून जाते. घरापासून फाट्यापर्यंत ऑटो, वर्ध्याला उतरलं की पुन्हा ऑटो, आणि ऑटोला कसली सवलत? दहा-बारा वर्षांचं ताठ पायांचं मूल कडेवर घेऊन एसटीच्या पायऱ्या चढून बघा एकदा. आणि सगळ्यात मोठा खर्च कोणी धरतच नाही. निंदणाच्या नाहीतर कापूस वेचणीच्या दिवसांत त्या बाईची त्या दिवसाची मजुरी बुडते. आठवड्यातून दोनदा बोलावलं तर ती महिन्यातून दोनदा जाते, मग एकदा, मग बंद. कागदावर लिहिलं जातं, "पालक नियमित आणत नाहीत." पुढे कोणीतरी शहाणा माणूस म्हणतो, या लोकांना मुलाची काळजीच नाही.

या भाड्याला मात्र कोणी देणगीदार मिळत नाही. ऑटोच्या भाड्याचा फोटो कसा काढणार? श्रवणयंत्र देताना फोटो निघतो, त्यात दर थोड्या दिवसांनी घालाव्या लागणाऱ्या सेलचा निघत नाही. म्हणून यंत्र फडताळात पडतं आणि मूल पुन्हा मुकंच राहतं.

दुसरी गोष्ट याहून वाईट आहे. ज्याचं दुःख डोळ्यांना दिसत नाही त्याला कीवही मिळत नाही. आपल्या विदर्भात सिकलसेलची कितीतरी मुलं आहेत. रक्तातल्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, रक्तवाहिन्यांत अडकतात आणि अंगभर असह्य कळा येतात. थंडीत, अंगातलं पाणी कमी झालं की, ताप आला की कळा वाढतात. मूल आज वर्गात बसलेलं दिसतं, उद्या दवाखान्यात. बाहेरून पाहाल तर हातपाय धड. मास्तर म्हणतात कामचुकार, शेजारीण म्हणते नाटकं करतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मान्य केले, त्याआधीच्या १९९५ च्या कायद्यात सातच होते. या २१ मध्ये सिकलसेलही आहे, हे आमच्या गावात शिकलेल्या लोकांनाही माहीत नव्हतं. अशा एका मुलीसाठी मी एका व्यापाऱ्याकडे गेले तेव्हा त्यांनी तिच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "हिला काय झालं आहे? चांगली तर आहे." त्या दिवशी माझ्या तोंडून तिच्या आजाराचं जरा जास्तच वर्णन झालं, आणि ती बाजूला उभी राहून ते सगळं ऐकत होती. तिला बरोबर घेऊन जायचं मी त्या दिवसापासून सोडलं.

आणि फक्त अपंगत्वाचंच असं नाही. शेतकरी आत्महत्यांच्या काळात, २००६ साली, पंतप्रधानांनी विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांसाठी पॅकेज जाहीर केलं त्यात आपला वर्धा जिल्हाही होता. त्या वर्षांत मदत करणारे खूप आले. वह्या, दप्तरं, गणवेश, शिलाई मशीन. तेव्हा पाचवी-सहावीत असलेली एक मुलगी आज परिचारिका आहे. परवा ती मला म्हणाली, "ताई, वह्या छान होत्या. पण माइकवर 'आत्महत्याग्रस्त शेतकऱ्याची मुलगी' म्हणून माझं नाव घेतलं. वर्गातल्या अर्ध्या मुलींना तोवर बाबा आजारानं गेले एवढंच माहीत होतं." एक डझन वह्यांची ही किंमत तिने अकराव्या वर्षी मोजली होती.

हे आपल्याकडेच घडतं असं नाही. अमेरिकेत १९३८ साली पोलिओसाठी दहा-दहा सेंटची नाणी गोळा करायची मोठी मोहीम सुरू झाली. लाखो नाणी टपालाने थेट राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानी येऊन पडली. त्या पैशातून संशोधन झालं, लस आली, म्हणजे निधी सार्थकी लागला. पण त्याबरोबर एक पद्धतही रुजली. कुबड्या घेतलेलं एखादं गोड मूल निवडायचं आणि त्याचा फोटो देशभर लावायचा. पुढे टीव्ही आल्यावर तासन्‌तास चालणारे निधिसंकलनाचे कार्यक्रम सुरू झाले, त्यातही मुलांना असंच पुढे आणलं जाई. गंमत अशी की १९९० नंतर त्या कार्यक्रमांच्या विरोधात रस्त्यावर उतरलेल्यांमध्ये लहानपणी त्याच जाहिरातींसाठी उभी राहिलेली मुलंही होती. १९९२ मध्ये लंडनलाही अशाच एका टीव्ही कार्यक्रमाबाहेर दिव्यांगांनी मोठी निदर्शनं केली. पैसा नको असं त्यांचं म्हणणं नव्हतं. आमची कीव करून तो गोळा करू नका, असं होतं. आमच्या गल्लीतल्या त्या नऊ वर्षांच्या पोराने दहा रुपयांच्या नोटेकडे पाहून वेगळं काय विचारलं होतं?

मग निधी गोळाच करायचा नाही का? तसं म्हणणं म्हणजे पोटभर जेवून उपासाचं महत्त्व सांगणं. पैसा लागतोच. आणि पैसा मागायची आपल्या वर्धा जिल्ह्याची परंपरा तर मोठी आहे. अस्पृश्यता निवारणासाठी गांधीजींनी जो देशव्यापी दौरा काढला तो ७ नोव्हेंबर १९३३ ला वर्ध्यातूनच सुरू झाला. नऊ महिन्यांत सुमारे आठ लाख रुपये जमले, आणि सभेत बायका हातातल्या बांगड्या काढून देत. १९४४ मध्ये कस्तुरबा गेल्या तेव्हा खेड्यातल्या स्त्रिया आणि मुलांसाठी त्यांच्या नावाने ७५ लाखांचा निधी जमवायचं ठरलं. जमले कोटीच्या वर, आणि ती थैली त्याच वर्षी २ ऑक्टोबरला सेवाग्रामात गांधीजींना दिली गेली. आणि आपल्या सिंधुताई सपकाळ. पिंपरी मेघेला जन्मलेली, चौथीनंतर शाळा सुटलेली ही बाई आधी रेल्वेत गाणी म्हणत आणि नंतर व्यासपीठावरून भाषणं करत शेकडो अनाथ मुलांचं अन्न जमवत राहिली. ४ जानेवारी २०२२ ला त्या गेल्या तोवर हेच चाललं होतं. मी त्यांचं भाषण दोनदा ऐकलं आहे. एक गोष्ट माझ्या उशिरा लक्षात आली. त्या पदर पसरायच्या, पण गोष्ट स्वतःची सांगायच्या. नवऱ्याने हाकललं ते, गोठ्यात बाळंत झाल्या ते, स्मशानात राहिल्या ते. ते दुःख त्यांचं होतं, आणि सांगावं की नाही हे त्यांनी ठरवलं होतं. मी मात्र दुसऱ्याच्या लेकराचं दुःख न विचारता सांगत फिरत होते.

पण सगळ्याच जणी काही सिंधुताई नसतात. आणि एका बाईच्या तोंडावर चाललेला निधी ती बाई थकली की थांबतो. म्हणून मला या मोठ्या थैल्यांपेक्षा आपल्याच भागातल्या दोन लहान गोष्टी जास्त कामाच्या वाटतात.

एक विनोबांचं सर्वोदय पात्र. घरोघरी एक मडकं ठेवायचं आणि रोज त्यात मूठभर धान्य टाकायचं, तेही घरातल्या लहान मुलाच्या हाताने. आईची मूठ मोठी असते, धान्य जास्त पडेल, तरी मुलाच्याच हाताने, कारण देण्याची सवय त्याला लागायला हवी. माझ्या सासूबाईंच्या माहेरी असं पात्र होतं. त्या सांगत, आपण टाकलं की नाही यावरून भावंडांत भांडणं व्हायची.

दुसरी गोष्ट ज्वारीच्या विम्याची. १९८० च्या सुमारास सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात डॉ. उल्हास जाजू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आसपासच्या खेड्यांत ही योजना सुरू केली. सुगीच्या वेळी प्रत्येक घराने ज्वारी द्यायची. ज्याला जमीन जास्त त्याने जास्त, मजुराने थोडी. गावातली निदान पाऊण घरं सामील झाली तरच गाव योजनेत. त्या ज्वारीच्या बदल्यात घरच्यांना उपचारात सवलत. मला यातलं सगळ्यात आवडतं ते हे की मजूरही देणारा होता. दोन-चार पायल्या का होईना, त्याने स्वतः दिलेल्या असायच्या. त्यामुळे रुग्णालयात तो हात जोडून येत नव्हता, आपलं पोतं आधीच आत गेलं आहे या भरवशावर येत होता. बोजाऱ्यावर पोराचा हक्क असतो, तसा. आता आपल्याकडे ज्वारीची जागा सोयाबीनने घेतली, पण रीत तर घेता येईल ना?

आम्ही घेतली, म्हणजे घ्यायचा प्रयत्न केला. आमच्या गटातल्या चौदा जणींनी ठरवलं की संक्रांतीच्या हळदीकुंकवाला प्लास्टिकचे डबे आणि स्टीलच्या वाट्या लुटायच्या नाहीत. (तशाही त्या वाट्या एकीच्या घरून दुसरीच्या घरी फिरतच असतात, मला माझीच वाटी तिसऱ्या वर्षी परत आलेली आहे.) त्या पैशांतून सुरुवात केली. मग घरटी महिन्याला वीस रुपये. ज्यांची मुलं या निधीतून उपचाराला जातात त्या आयाही देतात, त्यांचे पाच. यावर बराच वाद झाला. "त्यांच्याकडून कशाला घ्यायचं?" असं आमच्या काहीजणी म्हणाल्या. तेव्हा त्या आयांपैकीच एक म्हणाली, "घ्या हो ताई. नाही घेतलं तं मले डब्याजवळ येयाची लाज वाटीन." आम्ही त्याला बोजाऱ्याचा डबा म्हणतो. पावती मात्र तालुक्याच्या एका नोंदणी असलेल्या संस्थेच्या पुस्तकावर फाडतो. लोकांचा पैसा गोळा करायचा तर कायदाही पाळायला हवा. गणेश मंडळंसुद्धा वर्गणीसाठी धर्मादाय कार्यालयाची परवानगी काढतात. दर महिन्याचा हिशेब अंगणवाडीच्या भिंतीला लावतो. त्यात भाडं किती, सेल किती, औषध किती एवढंच असतं. कोणत्या मुलाला दिलं ते नसतं.

आता त्या भांडणाचं सांगते, ज्यासाठी खरं तर हा लेख लिहायला घेतला. दोन वर्षांपूर्वी शहरातले एक ओळखीचे गृहस्थ पंचवीस हजार रुपये द्यायला तयार झाले. अट एकच. धनादेश मुलाच्या हातात देतानाचा फोटो, आणि तो वर्तमानपत्रात. मूल कोणतं, तर आमचा तोच नंदीवाला, कारण तो "दिसतो चांगला". पंचवीस हजार म्हणजे आमच्या डब्याची वर्षाहून जास्त जमा. मी नाही म्हणाले. घरी येऊन जरा ताठ मानेने ही गोष्ट त्याच्या आईला सांगितली. मला वाटलं होतं ती माझा हात धरेल. ती चिडली. म्हणाली, "तुम्हाले नाही म्हणाले काय जाते ताई? फोटो माह्या पोराचा होता, भाडं माहं होतं. मले तं विचारायचं होतं."

ते खरंच होतं. खुर्ची देणाऱ्याने तिला विचारलं नव्हतं आणि खुर्ची नाकारणाऱ्या माझ्यासारखीनेही विचारलं नव्हतं. रात्रभर झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी जाऊन माफी मागितली. मग आम्ही तिघं बसलो, ती, मी आणि तो. त्याला विचारलं, पेपरात फोटो देऊ का? बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "शाळेत पोरं पेपर वाचते." तेवढ्यावर आईने विषय मिटवला. पण उठताना मला म्हणाली, "मंग आता भाडं?"

माझं मत अजूनही तेच आहे. मुलाची कीव विकून पैसा आणू नये. पण आपल्या तत्त्वाची किंमत त्या आईच्या खिशातून वसूल करायचा आपल्याला हक्क नाही. नाही म्हणायचं तर तेवढी रक्कम आपण उभी करायची. त्या दिवाळीला आम्ही चौदा जणींनी फराळाच्या ऑर्डरी घेतल्या. चिवडा, चकली, अनारसे. पंधरा दिवस चुलीपुढून हललो नाही, माझ्या हाताला तेलाचे चटके आहेत अजून. पंचवीस हजार काही जमले नाहीत, नऊच जमले. पण दोन मुलांचं सहा महिन्यांचं भाडं निघालं. एका पावतीवरही कोणाचा फोटो नाही.

याच काळात आम्ही एक गोष्ट शिकलो, ती फार आधी शिकायला हवी होती. जे कायद्याने मिळायला हवं त्यासाठी डबा फिरवायचा नाही. ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करावे लागतात. संजय गांधी निराधार योजनेतले दरमहा दीड हजार २०२५ मध्ये दिव्यांगांसाठी अडीच हजार झाले. त्यासाठी ४० टक्क्यांचं प्रमाणपत्र लागतं आणि त्याच्या फेऱ्या असतात. आम्ही डब्यातले पैसे त्या फेऱ्यांच्या भाड्याला देतो. एकदा अनुदान सुरू झालं की दरमहा अडीच हजार घरात येतात, म्हणजे शंभर-दीडशे रुपयांच्या भाड्याचं मोल कितीतरी पटींनी वाढतं. माझ्या मते वर्गणीच्या पैशाचा याहून चांगला उपयोग नाही. महिला ग्रामसभेत आम्ही पाच टक्क्यांचा हिशेब मागितला तेव्हा पहिल्यांदा हशा पिकला. "बाया आता बजेट पाहाले लागल्या." दुसऱ्या सभेत हिशेब आला. आमची ग्रामपंचायत लहान, घरपट्टी-पाणीपट्टीच्या वसुलीतून पाच टक्के काढले तर रक्कम काही मोठी निघाली नाही. आणि जी होती त्यातून सगळ्यांना सरसकट एकाच मापाच्या चादरी वाटल्या होत्या. चादर ऐकू न येणाऱ्याला, चादर सिकलसेलच्या मुलीला, चादर आमच्या नंदीवाल्याला. यंदा त्याऐवजी शाळेच्या दाराशी उतार बांधून मिळाला. सरकारने अपंगाचं दिव्यांग केलं त्याला आता दहा वर्षं झाली. शाळेची ती पायरी तेवढी वर्षं जिथल्या तिथे होती.

हे सगळं फार झकास चाललं आहे असं समजू नका. चौदापैकी तिघींनी वर्गणी बंद केली आहे, एकीने माझ्याशी बोलणंही. पंचवीस हजार सोडले हे त्यांना अजून पटलेलं नाही, आणि त्यांचं चुकतं असं मला छातीठोकपणे म्हणता येत नाही. शेंगा भरायच्या वेळी पाऊस जास्त झाला आणि सोयाबीन हातचं गेलं की वीस रुपयेही जड होतात, तेव्हा मागायला जायची मलाच हिंमत होत नाही.

मागच्या तान्ह्या पोळ्याला तो आला होता. आता भावाच्या सायकलवर नाही, वॉकर धरून स्वतः. मोठा झाला आहे, नंदी ओढायचं वय संपत आलं. नंदी त्याने वॉकरलाच दोरीने बांधला होता. मी सगळ्यांना पाच दिले, त्यालाही पाच. त्याने नाणं उलटंसुलटं करून पाहिलं आणि म्हणाला, "काकू, बाजूच्या काकूनं दहा देले."

या महिन्यात डब्यात ऑटोच्या भाड्याला दोनशे चाळीस रुपये कमी पडत आहेत. मंगळवारी दुपारी अंगणवाडीत बसायचं ठरलं आहे.